परड्यातलं खुराडं नीट करायचंय? पोरांना सोबत घ्या

कर्नाटकातल्या शाळांना एप्रिल-मे सुट्टी असते आणि जूनमध्ये पाऊस लागतो. खुराड्याची कामं उरकायला हेच सहा-सात आठवडे हाताशी असतात. माती-लाकूड वाळलेलं असतं, पोरं घरी असतात आणि वळीव दोन-तीनदा येऊन गेला की छप्पर कुठं गळतं तेही कळतं. पावसाळ्यात दुरुस्ती काढली तर कोंबड्या ओल्यात बसतात आणि पिल्लं आधी आजारी पडतात.

खाली दिलेली मापं दहा कोंबड्या आणि एक कोंबडा धरून आहेत. कोंबड्या दिवसभर परड्यात मोकळ्या फिरतात आणि रात्री खुराड्यात येतात, असं गृहीत धरलं आहे. नवीन खुराडं बांधायची बहुतेकांना गरज नसते. आहे तेच नीट केलं तर पुरतं. पोरांना नुसतं "हे धर, ते आण" एवढंच काम देऊ नका. मोजणं, खुणा करणं, रोज बघणं आणि लिहून ठेवणं ही कामं पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. ती मोठ्यांपेक्षा ही कामं मन लावून करतात, आणि कोंबडीपालनात निम्मं काम बघण्याचंच असतं.

आधी आत बसून बघा

खुराडं झाडून घ्या, थोडं पाणी शिंपडा आणि धूळ खाली बसू द्या. मग भर दुपारी दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला नाकाला रुमाल बांधून, हातात खडू देऊन आत बसवा. दार ओढून घ्या, पण कडी लावू नका, आणि स्वतः बाहेर उभे राहा. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि जिथून जिथून ऊन आत येतं तिथं तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. प्रत्येक ठिपक्याभोवती खडूनं गोल काढायला सांगा. बाहेरून दहा वेळा बघून जे भोक सापडत नाही, ते आतून एका नजरेत दिसतं.

आता त्या भोकांची प्रतवारी करा, तीही पोरांकडूनच. भोकात पेन्सिल जाते पण अंगठा जात नाही, असं भोक वर छपराजवळ असेल तर राहू द्या, तेवढी हवा लागतेच. अंगठा गेला तर लहान उंदीर आणि साप दोन्ही जातात. पोराची मूठ गेली तर मुंगूस जाणार हे धरून चला. जमिनीपासून दोन फुटांच्या आतली अंगठ्याएवढी भोकं सगळी बुजवायची. चिऱ्याची भिंत असेल तर सिमेंट-वाळूनं. फळ्यांची असेल तर बाहेरून पत्र्याची पट्टी मारून, कारण लाकडाची ठिगळं उंदीर पुन्हा कुरतडतो.

आधी काही नुकसान झालं असेल तर ते कुणी केलं, याचा माग पोरांसोबत काढा. अंडी गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर बहुतेक साप. लहान पिल्लं रोज एक-दोन कमी होतात तर उंदीर, मांजर किंवा दिवसा घार-शिकरा. एकाच वेळी तीन-चार कोंबड्या मानेला चावा घेऊन मारल्यात आणि तिथंच टाकल्यात, तर दिवसा मुंगूस आणि रात्री उदमांजर. पिसं परडंभर उधळलेली असतील तर कुत्रं. कारण कळल्याशिवाय जाळीवर खर्च करू नका, कारण घारीला जाळी वरून लागते आणि मुंगसाला खालून.

जाळी, बुड आणि दार

दुकानात कोंबडीजाळी मागितली की षटकोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी देतात. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं आणि तिच्या छिद्रातून लहान साप आरामात जातो. रात्रीच्या खुराड्याला अर्धा इंच छिद्राची वेल्डेड जाळीच घ्या. पैसे कमी असतील तर ती खालच्या दोन फुटांना लावा आणि वर कोंबडीजाळी चालवून घ्या. जाळी नुसती खिळे वाकवून ठोकली तर वर्षभरात सैल होते. दर सहा इंचांवर वायसर घालून स्क्रू मारा. कुठं मारायचा त्या खुणा पोरांनी टेपानं मोजून खडूनं करायच्या. जाळी कापणं मात्र मोठ्यांचं काम, कारण कापलेल्या तारांची टोकं डोळ्याला लागतात. कापल्यावर ती टोकं पकडीनं मागं वळवून टाका.

भिंतीखालून उकरून येणाऱ्यांसाठी जाळीचा घेर लागतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि मुंगूस त्या भेगेतूनच उकरायला लागतं. तिथं भिंतीला लागून फूटभर खोल चर खणून जाळी उभी पुरा. खानापूर-जांबोटीकडं तांबडी मुरमाड जमीन आणि खाली चिरा, तिथं चर खणत बसू नका. फूट-दीड फूट रुंद जाळी भिंतीला बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा आणि वर दगड मांडा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच पंजा घालतं. तिथं जाळी लागली की ते मागं सरून लांबून भोक पाडत नाही. दगड गोळा करणं आणि बसवणं हे पोरांचं काम. फक्त परड्यातला दगड उचलताना आधी काठीनं उलटवायचा, खाली विंचू असतो.

दाराला एक कडी पुरत नाही. नुसती वर उचलायची कडी कुत्र्याच्या धक्क्यानंही निघते. कडी-कोयंडा घाला आणि कोयंड्यात काटकीऐवजी लोखंडी खिट्टी सुतळीनं बांधून ठेवा, म्हणजे ती हरवणार नाही. कडीची उंची तुमच्या घरातल्या सर्वांत लहान "कडीवाल्या" पोराच्या खांद्याएवढी ठेवा. हात पोचत नसेल तर दार नुसतं ढकलून येतात आणि त्याच रात्री उदमांजर येतं.

जागा आणि बसायच्या दांड्या

गावठी कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा धरा. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब खुराडं म्हणजे चोवीस चौरस फूट, अकरा पक्ष्यांना पुरेसं. हा गुणाकार पोरांकडूनच करून घ्या आणि उत्तर दारावर खडूनं लिहून ठेवा. पुढं कुणी आणखी पाच पिल्लं आणायची भाषा केली की तो आकडा कामाला येतो. दाटीवाटी झाली की कोंबड्या एकमेकींची शेपटीकडची पिसं उपटतात, आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्याजणी तिथंच टोचत राहतात.

दांडीवर प्रत्येकीला आठ इंच लागतात. अकरा जणांना अठ्ठ्याऐंशी इंच, म्हणजे चार-चार फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर आणि दोघींत एक फूट अंतर ठेवून बसवा. जिन्यासारख्या खालीवर बसवल्या तर सगळ्यांना वरचीच हवी असते आणि रोज संध्याकाळी मारामारी होते, शिवाय वरचीची घाण खालचीच्या अंगावर पडते. दांडी दीड-दोन इंच रुंद लाकडाची, कडा तासून गोल केलेली. जाड कळकही चालतो. प्लॅस्टिकच्या पाइपवरून पाय घसरतात आणि लोखंडी नळी थंडीत गार, उन्हात तापते, म्हणून ते दोन्ही नको. गावठी कोंबडीला दांडी दोन-अडीच फूट उंच चालते. गिरिराज किंवा स्वर्णधारा पाळली असेल, तर दीड फुटाच्या वर नेऊ नका आणि प्रत्येकीला दहा इंच धरा. या जाती अंगानं जड असतात. उंचावरून उडी मारली की तळव्याला मार बसून गाठ होते आणि कोंबडी लंगडायला लागते.

ओल आणि वास

आपल्या भागातलं कोंबड्यांचं मोठं दुखणं म्हणजे ओल. कणकुंबी-जांबोटीकडं महिना-महिना ऊन दिसत नाही. पाऊस पश्चिमेकडच्या वाऱ्यासोबत येतो, म्हणून त्या बाजूला छपराची पडवी अडीच-तीन फूट बाहेर काढा आणि ती भिंत पूर्ण बंद ठेवा. दार आणि जाळी पूर्वेला. जमीन बाहेरच्यापेक्षा किमान एक फूट उंच करून घ्या. जास्त पावसाच्या गावांत खुराडं दगडी खांबांवर दोन फूट उचलून फळ्यांचं बूड केलेलं बरं. छपराला खानापूरची कौलं मिळाली तर उत्तम, उन्हाळ्यात आत गार राहतं. पत्रा असेल तर अथणी-रायबागकडच्या उन्हात तो तव्यासारखा तापतो, त्यावर उसाचं पाचट चार-सहा इंच जाड पसरून वर दोऱ्या बांधा.

जाळीच्या बाजूला पावसाळ्यासाठी खताच्या पोत्यांचे पडदे शिवा. पोती आधी दोनदा धुऊन वाळवा. पडदा खालून वर जाणारा हवा, वरून खाली सोडलेला नको. वरची फूटभर जागा कायम उघडी राहिली पाहिजे. सगळं बंद करून "ऊब" दिली की विष्ठेचा उग्र वायू आत कोंडतो, कोंबड्यांचे डोळे पाणावतात आणि त्या शिंकायला लागतात. यासाठी सोपी पारख आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या पोरानं कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसून एकदा श्वास घ्यायचा. उभ्या माणसाला लागत नाही तो वास तिथं लागतो. नाकाला झोंबलं तर त्याच दिवशी खालचं तूस उलथायचं.

खाली अंथरायला भाताचं तूस तीन-चार इंच जाड घाला. खानापूर-बेळगावच्या गिरणीवर ते सहज मिळतं. साखर कारखान्याच्या पट्ट्यात उसाची चिपाडं कुटून घालतात, तीही चालतात, पण कडकडीत वाळलेली असतील तरच. ओलसर चिपाडाला बुरशी येते आणि ती श्वासातून पिल्लांच्या फुप्फुसात जाते. दर चार दिवसांनी दाताळ्यानं तूस खालीवर करा. ओल मापायची असेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून एक मूठ तूस दाबायचं. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त, वर नवं तूस घाला आणि पाण्याचं भांडं कुठं सांडतंय ते शोधा. गोळा होऊन लगेच फुटला तर ठीक. मुळीच गोळा होत नसेल आणि धूळ उडत असेल तर पाण्याचा हलका शिपका मारा. काढलेलं तूस खड्ड्यात तीन-चार महिने कुजवून मगच वांगी-मिरचीला घाला, ताजं घातलं तर रोपं करपतात.

पाण्याचा कॅन पोरांनी बनवायचा

अकरा पक्ष्यांना थंडीत दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट. उघड्या परातीत पाणी ठेवलं की कोंबड्या त्यात पाय घालतात, विष्ठा करतात आणि तेच पितात. रक्ती हगवण तिथूनही पसरते. त्यापेक्षा तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचं भांडं एका दुपारी होतं.

कॅन साबणानं धुवा. बुडापासून बरोबर एक इंचावर पेन्सिलीएवढं एकच भोक पाडा (खिळा तापवून भोक पाडणं मोठ्यांनी). मातीची किंवा प्लॅस्टिकची ताटली घ्या. तिचा काठ किमान दीड इंच उंच आणि रुंदी कॅनपेक्षा चारेक इंच जास्त हवी. खानापूरकडची भाजकी मातीची परळ यासाठी छान, जड असल्यानं उलटत नाही. भोकावर बोट ठेवून कॅन भरा, झाकण घट्ट लावा, ताटलीत उभा करा आणि बोट काढा. पाणी ताटलीत येतं, भोक पाण्याखाली गेलं की थांबतं. कोंबड्या प्यायल्या, पातळी भोकाखाली गेली की "गुडुक" करून एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. पोरं या बुडबुड्याची वाट बघत अर्धा तास बसून राहतात.

पाणी थांबत नसेल तर कारणं दोनच. एक तर भोक ताटलीच्या काठाच्या वर आहे, म्हणजे पातळी तिथं पोचायच्या आधीच पाणी सांडतं. नाहीतर वरून हवा शिरते आहे: झाकण सैल आहे किंवा कॅनला कुठंतरी चीर आहे. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली की बहुतेक वेळा काम होतं. भांडं विटेवर इतकं उंच ठेवा की ताटलीचा काठ कोंबडीच्या पाठीच्या रेषेत येईल. लहान पिल्लं असतील तर ताटलीत गोटे टाका, नाहीतर ती बुडतात. भांडं कायम सावलीत, आणि ताटली रोज सकाळी काथ्यानं घासायची.

खाणं

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळतं, तरी अंड्यावरच्या कोंबडीला संध्याकाळी चाळीस-पन्नास ग्रॅम खाणं द्यावंच. संध्याकाळीच द्या, त्यामुळं त्या वेळेवर घरी येतात. दहा किलोचं मिश्रण असं: भरडलेला मका ५ किलो, तांदळाच्या कण्या दीड किलो, शेंगपेंड सव्वादोन किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, मिनरल मिक्श्चर २२५ ग्रॅम आणि मीठ २५ ग्रॅम. यात प्रथिनं साधारण सोळा टक्के बसतात. वजन पोरांनी काट्यावर करायचं, पण मिठाकडं स्वतः लक्ष द्या. मीठ जास्त झालं तर पिल्लं मरतात. मीठ आणि मिनरल आधी मूठभर कोंड्यात मिसळा आणि मग सगळ्यात घाला, नाहीतर ते एकाच कोपऱ्यात राहतं.

जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, म्हणून घरचं कच्चं सोयाबीन घालायचा मोह होतो. घालू नका. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही आणि कोंबड्या खाऊनही खंगतात. मका आणि पेंड याबाबतीत कुणाचीही भीड बाळगू नका. मक्याचा दाणा दाताखाली "कट्" करून फुटला पाहिजे, चिवट लागला तर ओला आहे. हिरवट-पिवळी बुरशी धरलेली किंवा ढेकूळ झालेली पेंड कोंबडीच्या यकृताचं विष आहे. ती गाईलाही घालू नका, दुधात उतरते. सरळ पुरून टाका.

अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा तीच खाते. घरातली अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात. अख्खी टरफलं टाकली तर मात्र कोंबडीला अंडं फोडून खायची सवय लागते.

उवांसाठी राखेचं न्हाणीघर करा. जुनं टायर किंवा दोन फूट लांब-रुंद खड्डा, त्यात चुलीची गार राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी, वर पावसाचा आडोसा. पोरांच्या हातचं हे सोपं आणि सर्वांत लवकर गुण देणारं काम. निपाणीच्या पट्ट्यात कुणी उवांवर तंबाखूची भुकटी टाकायला सांगितलं तर पोरांना त्यापासून लांब ठेवा, तंबाखूचं विष कातडीतून भिनतं, आणि कोंबडीलाही ते जड जातं.

अंड्याची पेटी: आधी टॉर्च, मग हात

चार-पाच कोंबड्यांना एक पेटी, म्हणजे दहा जणींना दोन-तीन. बारा इंच लांब, तितकीच रुंद आणि उंच, पुढं चार इंचांची फळी, आत गवत. पेटी दीड फुटाच्या आत, बसायच्या दांडीपेक्षा खाली ठेवा. उंच ठेवली तर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली की त्या कुंपणाखाली अंडी घालायला जात नाहीत. नव्या तलंगांना (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या कोंबड्यांना) जागा दाखवायला पेटीत खडूचं किंवा लाकडाचं अंडं ठेवा.

अंडी गोळा करणं पोरांना फार आवडतं आणि तिथंच खरा धोका आहे. अंड्याच्या वासानं नाग पेटीत येऊन बसतो. म्हणून एक नियम कधीही मोडायचा नाही: आधी टॉर्च मारायची, आत नीट बघायचं, गवत काठीनं हलवायचं आणि मगच हात घालायचा. साप दिसला तर हळूच मागं सरून मोठ्यांना हाक मारायची. हा नियम समजण्याइतकं पोर मोठं नसेल तर त्यानं बुट्टी धरून बाजूला उभं राहायचं.

अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घाला, पेनाची शाई कवचातून आत उतरते. रोजचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा, संध्याकाळची कोंबड्यांची मोजणीही त्याच चौकोनात. सलग तीन दिवस अंडी निम्म्यावर आली तर काहीतरी बिघडलंय. कडक ऊन पडलं असेल, पिसं झडत असतील, कुणीतरी लपून अंडी घालत असेल, किंवा आजाराची सुरुवात असेल. तोंडी सांगण्यावर हे कळत नाही, कॅलेंडर बघितल्यावर लगेच कळतं.

एखादी गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहायला लागली, तर तिच्याखाली दहा-बारा अंडी रवणीला घाला. गिरिराजसारख्या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून घरात एक-दोन गावठी ठेवाव्यातच. सातव्या रात्री अंधारात पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यामागं टॉर्च धरा आणि अंड्याचं रुंद टोक भोकावर ठेवा. जिवंत अंड्यात मध्ये एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती लाल रेषांचं जाळं दिसतं, अगदी कोळ्यासारखं. (कन्नडात कोंबडीलाच कोळी म्हणतात, हे इकडच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.) नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंड्यात जीव नाही, आणि रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ मेलाय. ती अंडी काढून टाका, नाहीतर आत सडून फुटतात. अठराव्या दिवसानंतर कोंबडीला अजिबात उठवू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात.

पिल्लं कोंबडीविना वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. एका पिल्लाला दोन वॅट या हिशेबानं जुना पिवळा दिवा लावा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पिल्लं दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर गारठा आहे, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर ऊब जास्त. सगळीकडं पसरून खात असतील तर बरोबर. इथं थर्मामीटरपेक्षा पोरांची नजर लवकर सांगते.

लस

मानमोडी आली की अख्खी गल्ली रिकामी होते. हा राणीखेत रोग. त्यावर औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस) डोळ्यात थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (हीही राणीखेतचीच) इंजेक्शन. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत. नेमका क्रम तुमच्या गावच्या पशुवैद्यांना विचारून पक्का करा.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कुणी फोडत नाही. इथं पोरं खूप उपयोगी पडतात. वही घेऊन गल्लीतल्या घराघरांतून कुणाकडं किती पिल्लं, किती दिवसांची, एवढं लिहून आणायला सांगा. साठ-सत्तर पिल्लं जमली की एकाच सकाळी सगळ्यांचं काम होतं. दवाखान्यावरची पाटी, औषधाच्या डब्यावरचा कागद बहुतेक वेळा कन्नडात असतो. मराठी शाळेत जाणारी पोरंही कन्नड शिकतात, ती "लसिके" कुठल्या तारखेला हे आजीला वाचून दाखवू शकतात. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणा. पिशवीत टाकून उन्हातून आणलेली लस डोळ्यात घातली काय अन् न घातली काय, सारखंच. आणि लस फक्त धडधाकट पक्ष्याला, आजारी पक्ष्याला नाही.

पोरांच्या हाताला काय द्यायचं नाही

चुना कालवणं, जाळी कापणं, जंताचं औषध मोजणं, आजारी किंवा मेलेली कोंबडी उचलणं ही कामं मोठ्यांचीच. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, म्हणून भिंतीला चुना लावतानाही पोरांना लांब ठेवा. दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर हात लावू नका, विकू नका, पशू दवाखान्याला कळवा आणि त्यांनी सांगितल्यावर तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

खुराड्याच्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या घरात आणू नका. बाहेर आल्यावर साबण लावून वीस सेकंद हात चोळायचे, नखांच्या कडाही. पिल्लाचा मुका घ्यायचा नाही, खुराड्यात काही खायचं नाही. कोंबडीच्या विष्ठेतल्या जंतूंनी लहान मुलांना जुलाब आणि ताप येतो, म्हणून पाच वर्षांखालच्या पोराला कोंबड्यांत एकटं सोडू नका.

आणखी एक. पोरं कोंबड्यांना नावं ठेवतात. यात्रेला किंवा आखाडाला कुठला कोंबडा जायचा, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा आणि त्याच्या पायाला वेगळ्या रंगाची दोरी बांधा. आयत्या वेळी सांगितलं तर पोर दुसऱ्या दिवसापासून परड्यात पाऊल ठेवत नाही, आणि तुमचा मोजणारा गेला.

दिवेलागणीला

रोजचं शेवटचं काम मोजणीचं. अंधार पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी कोंबड्या आपण होऊन आत जातात. त्या दांडीवर बसल्यावरच मोजा, फिरताना मोजलं की चुकतं. एकानं आतून मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं दारातून. दोघांचा आकडा जुळला तरच खिट्टी घालायची. एक कमी आली तर आधी फणसाच्या किंवा आंब्याच्या खालच्या फांद्यांवर टॉर्च मारा, मग लाकडाच्या ढिगामागं, मग शेजाऱ्यांच्या गोठ्यात. गोठ्यात सापडली तर तिथंच झोपू द्या आणि कॅलेंडरात "दहा, एक गोठ्यात" असं लिहा. सकाळी ती पाण्याला येते.